तिच्याच नंबरवरून गेलेला निरोप

माझी पत्नी गेल्याची बातमी बहुतेकांना तिच्याच फोनवरून कळली.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे दशक्रिया मोठी असते. नदीच्या घाटावर मांडव पडतो, प्रवचन होतं, मग एकेक जण माईकसमोर येऊन श्रद्धांजली वाहतो. निरोप पोचला नाही तर माणूस वर्षभर सरळ तोंडानं बोलत नाही. त्यामुळे तिचा धाकटा भाऊ घाईत होता. माझ्याकडे बटणांचा फोन, त्यात मोजकी नावं. गणगोत सगळं तिच्या फोनमध्ये. मेव्हण्यानं तिचा फोटो, घाट, प्रवचनाची वेळ असा मजकूर तयार केला आणि तिच्या नंबरवरून माहेरची, सासरची, बचत गटातली, भजनातली अशा सगळ्यांना पाठवून दिला. एका बाईनं न वाचताच ‘ओके काकी’ असं उत्तर धाडलं. रडता रडता आम्ही दोघं त्यावर हसलो होतो.

संध्याकाळी त्या फोनवर एक पाटी उमटली. या खात्याला आता आमची सेवा वापरता येणार नाही. एकच मजकूर इतक्या जणांना जातोय म्हटल्यावर कंपनीच्या यंत्राला ती जाहिरातदार वाटली असणार. तिनं आयुष्यात काही विकलं असेल तर ते शेजारणीला दोन वाफ्यांतली मेथी, तीही निम्मी फुकट.

दशक्रियेला घाट भरून माणसं आली. निरोपाचं काम झालं होतं. तेव्हा खात्याचं काही वाटलं नाही. जाणवलं ते सगळे पाहुणे गेल्यावर, घर शांत झाल्यावर. ती कधी निरोप लिहीत नसे. अंगठा दाबून धरायची आणि बोलायची. ते सगळं बोलणं त्या बंद खात्यात होतं. आमच्या लग्नाचे फोटो आहेत, सहलीचे आहेत. भावाशीही ती साध्या फोनवरच बोलायची, त्यामुळे आवाज दुसरीकडे कुठंच नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मला तो एकदा ऐकायचा होता. एवढीच गोष्ट हवी होती, पण ती फार हवी होती.

यातली गंमत तिलाच जास्त कळली असती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांविषयी वाचत आलो आहे. चार-दोन कंपन्यांच्या हाती जगाचं बोलणं, ऐकणं, बातमी आणि बाजार जाणं बरं नव्हे, असं मी वाचनालयात सांगत असे आणि घरीही. ती भाकरी थापता थापता म्हणायची, “ऐकत असतील तर ऐकू द्या. तुमी तरी कुठं ऐकता? कुणीतरी ऐकतंय ना माझं!”

आपल्या हातून खातं बंद पडलं, हे मेव्हण्याला फार लागलं होतं. तो कंपनीला अर्ज करत राहिला. दर वेळी तेच उत्तर, तितकंच नम्र: आम्ही तपासलं आहे, निर्णय कायम आहे. मग त्यानं आमच्या तालुक्याची नेहमीची वाट धरली. ओळख काढायची. इथं वीजजोडणी असो की सातबाऱ्याची दुरुस्ती, प्रत्येक ठिकाणी कुणाचा तरी साडू, कुणाचा तरी वर्गमित्र बसलेला असतो. बेल्ह्याच्या बाजारात त्याला ओळखीचा एक बैलांचा व्यापारी भेटला. त्याचा पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मेव्हण्यानं तिथूनच मला फोन लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

“सर, पुतण्याला इचारलं मी,” व्यापारी म्हणाला. “तो म्हनतो, काका, तिथं मानूसच न्हाई.”

“म्हणजे सुट्टीवर आहे?”

“न्हाई वो, मानूसच न्हाई. मशीनच वाचतं, मशीनच न्हाई म्हनतं. म्या म्हटलं, मंग मशीनच्या सायबाला भेटू. तर म्हनतो, सायब सातासमुद्रापलीकडं.” मागून बैल हंबरले. “आपल्याकडं बैल परत करायचा म्हटला तरी समोर मानूस लागतो, राव!”

त्यानं मन लावून चौकशी केली होती. तिला तो ओळखतही नव्हता. त्याचे आभार मानायचे राहून गेले, ते इथं मानतो.

त्याच सुमारास वाचनालयात या कंपन्यांवर खुली चर्चा ठरली. मी बोलावं असा आग्रह होता. घरातून निघावंसं वाटत नव्हतं. आमच्या शेजारच्या बाई, माझ्या पत्नीच्या बचत गटातल्या, दारात येऊन म्हणाल्या, “सर, चला. मी बी येते. काकी असत्या तर तुमाला ढकलूनच धाडलं असतं.” त्यांच्या मुलाच्या गाडीतून आम्ही गेलो.

मी लिहून नेलेलं वाचलं नाही. घडलं ते सांगितलं. म्हणालो, तहसील कचेरीबाहेर एक बाकडं असतं. तिथं बसता येतं, शिपायाला विचारता येतं, भांडता येतं, उद्या परत येता येतं. ज्या कंपनीत निम्म्या जगाचं बोलणं साठलं आहे, तिच्या दाराबाहेर बाकडं नाही. दारच नाही. एका बाईचा आवाज अडकला ही लहान गोष्ट झाली. उद्या निवडणूक, साथ, युद्ध, कशाचीही खरी बातमी कुणापर्यंत पोचेल हे असंच कुठंतरी ठरलं, तर विचारायचं कुणाला?

एक द्राक्षबागायतदार उठले. माझे जुने विद्यार्थी. “सर, आदर ठेवून विचारतो. त्या बाकड्यावर बसून आजवर तुमची किती कामं झाली?”

सभा हसली. मीही हसलो.

“मला पावसाचा अंदाज, बाजारभाव, औषधाचं प्रमाण, सगळं ह्या फोननं दिलं,” ते म्हणाले. “बाकड्यानं फक्त पाठ दुखली.”

त्यांचं खोटं नव्हतं, आणि मी तसं म्हणालो. उपकार आहेत म्हणूनच हिशेब मागायला हवा, असंही म्हणालो. पलीकडून कॉलेजातले एक प्राध्यापक मनापासून मदत करायला म्हणून बोलले, “सर, आवाजाचा थोडासा नमुना कुठं मिळाला तर आता यंत्र वहिनींचा आवाज हुबेहूब तयार करतं. तुम्ही लिहून द्याल ते बोलेल.”

मला क्षणभर मोह झाला. मग वाटलं, मी लिहून दिलेलं ती कधी बोलली होती? “नको,” मी म्हणालो. “ती माझं ऐकून बोलायला लागली, तर ती ती नव्हेच. आणि तो नमुनासुद्धा माझ्यापाशी नाही.”

मागच्या रांगेतून शेजारच्या बाई उभ्या राहिल्या. भर सभेत बोलण्याची त्यांना सवय नाही. पदर सावरत म्हणाल्या, “सर, आवाज गेला असं कुणी सांगितलं तुमाला? माझ्या फोनात हाय की काकी. गटातल्या लई जणींच्या फोनात हाय. तुमच्याकडचं बंद झालं, आमच्याकडं आलेलं आमच्याकडंच हाय. तुमाला तरास नगं म्हणून आमी बोललो न्हाई.”

इतके दिवस माझ्या भिंतीपलीकडं तो आवाज होता. मला जपायचं म्हणून त्या गप्प होत्या, आणि पाठवलेला निरोप ऐकणाऱ्याकडंही राहतो हे बटणांच्या फोनवाल्या मला ठाऊकच नव्हतं. सभेत पुढं काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही. मी खाली बसलो आणि बाजूला बसलेल्या कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार-पाच जणी आपापले फोन घेऊन आमच्या पडवीत आल्या. काहींनी फोन भरला म्हणून जुने निरोप पुसले होते. त्या उगाच अपराध्यासारख्या बसल्या. मी त्यांनाच आधी चहा दिला. बाकीच्यांनी एकेक निरोप लावला. हप्त्याची आठवण. कुणाच्या सुनेला डिंकाचे लाडू कसे करायचे ते. कुणीतरी भजनाला आली नाही म्हणून टोमणा: “पाय दुखतो म्हनं! बाजारात तर हरणावानी पळत व्हतीस.” जिला तो टोमणा होता, तीच तो ऐकवत होती आणि डोळे पुसत हसत होती.

शेवटी शेजारच्या बाईंनी त्यांचा फोन पुढं केला. आमच्या बाजूला उसात बिबट्या असतो. त्याला सगळे वाघच म्हणतात. तो दिसला की गटात निरोप टाकायचं काम माझ्या पत्नीनं आपणहून घेतलं होतं.

“बायांनो, ऐका गं. ओढ्याच्या कडंला वाघ बसलाय. शेरडं आत घ्या, पोरांला एकटं धाडू नका. माझ्या अंगणातली लाईट मी चालूच ठेवते.” मग अंगठा काढायचा राहिला असावा. आवाज जरा लांब गेला. “अहो, दार लोटा आधी. पुस्तक काय पळून चाललंय व्हय?”

त्यानंतर माझा आवाज आला. “हं.” आणि पान उलटल्याचा.

“ऱ्हाऊ द्या. वाचा, वाचा. मीच लावते.” कडीचा आवाज, आणि निरोप संपला.

तिनं दार लावलं आणि मी वाचत राहिलो, अशा किती संध्याकाळी मला मिळाल्या होत्या ते तेव्हा कळलं. मी कंपन्यांवर जे काही वाचलं, ते तिनं लावलेल्या दाराआड बसून. आणि तो निरोप टिकला तोही त्याच कंपनीच्या यंत्रात, आणि या बायकांच्या न पुसण्यामुळे. कंपनीविषयीचं माझं मत बदललेलं नाही. पण त्याच कंपनीनं तो आवाज वाहून नेला, हे मी नाकारत नाही.

शेजारच्या बाई म्हणाल्या, “वाटंल तवा या, ऐका.” मेव्हण्यानं मात्र सगळ्यांकडचे तिचे निरोप गोळा केले आणि मोबाईलच्या दुकानातून एका छोट्या कार्डावर भरून आणले. भजनं ऐकायची तिची एक डबी होती, रेडिओएवढी. ते कार्ड त्या डबीत बसतं. त्याला ना खातं लागतं, ना कुणाची परवानगी. त्यानं डबी माझ्यापुढं ठेवली. “दाजी, आता कुणी बंद करनार न्हाई,” म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा हलका झालेला दिसला.

मी ती रोज लावत नाही. पण दिवेलागणीला आता आधी दार लोटतो, कडी घालतो, अंगणातला दिवा लावतो, आणि मग पुस्तक उघडतो.