आभाळमाशाची तारीख

आष्टीच्या बाजारात गहिनीनाथांचा भोंगा सुरू झाला, की मिरच्या तोलणाऱ्या बाईचा हात तराजूवर तसाच राहतो. गिऱ्हाईक पिशवी उघडी धरून मान वळवतं. हा माणूस काहीतरी येणार असल्याचं सांगणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जे आहे ते ओरडून सांगायला बाजारात पुष्कळजण आहेत. कांदा आहे, लसूण आहे, रबरी चपला आहेत. जे अजून आलेलं नाही ते सांगणारे गहिनीनाथ एकटेच.

उमेदीच्या दिवसांत ते कनातीतल्या नाटक कंपन्यांचे पुकारे होते. जीपच्या टपावर कर्णा बांधायचा आणि दुपार कलता कलता गावात शिरायचं. "येत आहे हो, येत आहे! सोन्याच्या रथातून राजा येत आहे, रुसलेली राणी येत आहे, रंगमंचावर खरोखरीचा धबधबा येत आहे!" तो धबधबा म्हणजे मागून हलवलेला चंदेरी कागद होता, पण गहिनीनाथांच्या तोंडून तो कोसळू लागला की दारातल्या बाया पदर सावरून घेत. जीप निघून जाई, धूळ खाली बसे, आणि त्या गावात संध्याकाळपर्यंत एक निराळाच उजेड रेंगाळत राही. उंबऱ्यावरच्या म्हातारीलासुद्धा वाटे, आज कुणीतरी आपल्यासाठी निघालं आहे.

पुढं कंपन्या एकेक करून बसल्या. कनाती विकल्या गेल्या, मुकुट कुठंकुठं गेले. गहिनीनाथांचा आवाज तेवढा उरला. त्या आवाजात ते लसीकरणाची तारीख सांगत, साड्यांचा सेल सांगत, हरवलेल्या शेळीचं वर्णन करत. शेळीसुद्धा त्यांच्या वर्णनात इतकी देखणी होई, की मालकाला तिची नव्यानं ओढ लागे. पण एवढ्यानं त्यांचं मन भरत नव्हतं. धबधब्याची सवय झालेला गळा तो.

मग मतीन भेटला. एसटी स्टँडामागं त्याचं दुकान. पुढच्या बाजूला मोबाईलची दुरुस्ती आणि मागं, निळ्या पडद्याआड, मोठाले टीव्ही आणि गेमची यंत्रं. एका दुपारी त्यानं गहिनीनाथांना चहा पाजला आणि म्हणाला, "नाना, दर महिन्याला दुनियेत नवे गेम निघतात. कुठला बघण्यासारखा, कुठला नुसता भपका, हे इथं कुणी सांगतच न्हाई. मी नेटवर वाचून तुमाला सांगतो, तुमी बाजाराला सांगा."

"गेम म्हंजी काय, बाबा?"

"नाटकच समजा की. फक्त राजा तुमच्या हातात."

नानांनी कप खाली ठेवला. राजा आपल्या हातात! एवढ्या वर्षांत राजा त्यांच्या फक्त तोंडात होता.

तेव्हापासून महिना संपत आला की ते मतीनच्या निळ्या पडद्याआड जाऊन बसतात. मतीन येणाऱ्या गेमच्या जाहिराती, म्हणजे ट्रेलर, लावतो. नाना आधी डोळे मिटून नुसतं ऐकतात, मग डोळे उघडून बघतात आणि निवाडा देतात. "हा न्हाई, मतीन. ह्यात नुसत्या गोळ्या हायती, माणूस कुठंच न्हाई." इंग्रजी नावं त्यांना आवडत नाहीत. नाव असं हवं, की ऐकूनच माणसाच्या डोळ्यांपुढं पडदा उघडावा. म्हणून ते स्वतःच बारसं करतात.

यंदा दसरा झाला आणि बाजार भरला. नाना भोंगा घेऊन कडुनिंबाच्या पाराजवळ उभे राहिले.

"ऐका हो, या महिन्यात काय काय येत आहे! बर्फाच्या घाटातून ट्रकांची शर्यत येत आहे. ज्यांना एसटीत मळमळतं त्यांनी लांबूनच बघावी. वाळूखाली बुडालेला राजवाडा येत आहे. बघण्यासारखा आहे, पण जरा लांबण लावलेली दिसते. फुटबॉल येत आहे, तो दर वर्षी येतो, कपडे बदलून येतो. आणि मंडळी..." इथं ते थांबले. थांबायचं कुठं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. "कोजागिरीनंतरच्या शुक्रवारी येत आहे आभाळमासा! गावाएवढा मासा. पाण्यात न्हाई, ढगांत पोहणारा. त्याच्या पाठीवर एक बाई, एकटी. खाली दिवे, वर चांदण्या, आणि मासा निघालाय... कुठं निघालाय? ते शुक्रवारी, मतीनच्या दुकानी!"

गर्दीत शिवकन्या उभी होती. जवळच्या वाडीची, नवरा अभिमन्यूबरोबर ऊसतोडीला जाणारी. फुटलेल्या मोबाईलची काच बदलायला ती मतीनकडं गेली होती, तेव्हा त्या माशाचा ट्रेलर तिनं उभ्या उभ्या बघितला होता. उंच मनोऱ्यावरून ती बाई ढगांत उडी घेते, खालून मासा वर येतो, तिला अलगद पाठीवर झेलतो, आणि तिथंच पडदा काळा होतो. शिवकन्येनं तो पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. काच बसवून झाली तरी ती हलली नव्हती.

आता ती नानांपुढं आली. "नाना, शुक्रवारी नक्की का? आमची टोळी गुरुवारी निघती कारखान्याला."

"पोरी, तारीख भोंग्यातून गेली म्हंजी गेली," नाना म्हणाले. "आजवर माझी तारीख मोडली न्हाई."

एवढ्या शब्दावर ती मुकादमाकडं गेली. टोळी नेणारा मुकादम अंगद. आवाज चढा, मन तसं नरम. टोळीतल्या बाया शिवकन्येच्या मागं उभ्या राहिल्या आणि सगळ्यांत वडील रतनबाई तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपुढं फतकल मारून बसल्या. "एकदा गेलो की चैताला माघारी येणार. तवर उसाचं पाचट आन् मोळीच बघायची. एक दिस मासा बघू दे की, मुकादम."

"कारखान्याचा मानूस फोनवर फोन करतोय, रतनमावशे!"

"मग त्यालाबी बोलव मासा बघायला."

लोक हसले. अंगदनं कपाळाला हात लावला. "बरं. नानाच्या जबानीवर दोन दिवस देतो. शनिवारी उजाडता निघायचं. मासा न्हाई आला तर नानांनीच कोयता घेऊन गाडीत बसायचं."

तो निरोप नानांपर्यंत आला तेव्हा ते खुशीत हसले. त्या रात्री झोपेत त्यांना आपल्या जुन्या जीपच्या टपावरून मासा पोहत गेलेला दिसला.

गुरुवारी सकाळी मतीननं त्यांना बोलावून घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता. "नाना, मासा पुढं ढकलला. कंपनीनं सांगितलंय, आता फेब्रुवारीत."

"कावून? मुख्य नट आजारी हाय का?"

"तसं न्हाई. अजून पुरता तयार न्हाई म्हणतात."

"तयार न्हाई, तर तारीख कावून दिली?"

"नाना, गेमच्या धंद्यात हे लई चालतं. तारीख म्हणजे अंदाज असतो. सगळ्यांनाच माहीत हाय." मग त्याच्याच लक्षात आलं, की सगळ्यांना नाही. नानांना हे सांगावं असं त्याला कधी सुचलंच नव्हतं, आणि विचारावं असं नानांना सुचलं नव्हतं. कनातीच्या कंपनीत जाहीर झालेली तारीख म्हणजे शपथ होती. राजाला ताप भरला तर पेटीवाला मुकुट घालून उभा राही. राणी पळून गेली तर तिच्या जागी मिशा काढून स्वयंपाकी बसे. बदली कुणीही असो, पण ठरल्या वेळी पडदा वर जाई.

"अंगदभाऊंना फोन करू का? आजच निघतील ते," मतीन म्हणाला.

नानांनी निळ्या पडद्याकडं बघितलं. त्यांच्या शब्दावर कितीतरी माणसं बांधलेली बोचकी सोडून थांबली होती. ती आता गेली तर गेली. पण परत कधी भोंगा ऐकून मान वळवतील का?

"फोन नको. जे सांगायचं ते मी समोर सांगंन. उद्या येऊ दे त्यांना."

"ट्रकांची शर्यत आलीय, नाना. ती लावू?"

"बदली राजा चालतो, मतीन. बदली नाटक चालत न्हाई."

शुक्रवारी दिवेलागणीला टोळी आली. बाया वेण्या घालून आल्या होत्या, पोरांना पावडर लावली होती, आणि रतनबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. दुकानापुढं पोती अंथरली होती. मतीननं सगळ्यांत मोठा टीव्ही टेबलावर काढून ठेवला होता. शिवकन्या अगदी पुढं बसली. अंगद ट्रॅक्टरला टेकून उभा.

नाना पुढं आले. भोंगा त्यांनी खाली ठेवला. "मासा आला न्हाई," ते म्हणाले. "तिकडं परदेशात त्यांनी तारीख बदलली. मला ती गोष्ट ठाऊक नव्हती. पण सांगितलं होतं मीच."

मग अंगदचा आवाज आला. "चला नाना, बसा गाडीत. तुमच्या मापाचा कोयता हाय माझ्याकडं." काही गडी हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. "मासा ढगात बसलाय, आन् आमी इथं धुळीत!" कुणीतरी मागून बोललं. शिवकन्या उठली आणि लुगड्याची माती झटकू लागली. नानांना हसणाऱ्यांचं काही वाटलं नाही. त्या झटकण्याचं वाटलं.

"पोरी, थांब जरा. मंडळी, एक सांगतो. मी एवढी नाटकं पुकारली, पर एकबी बघितलं न्हाई. तिकिटं सुटायच्या आत पुकाऱ्याची जीप पुढच्या गावाला लागायची. राजा येणार, येवढंच मला ठाऊक. तो आल्यावर काय करायचा, कुणास ठाऊक! पर एक रीत हाय आमची. नट आला न्हाई तर त्याच्या जागी जो असंल तो उभा राहतो. आज यंत्राच्या जागी मी उभा हाय. यंत्र विचारतं तसं मी विचारणार. हातातलं बटण तुमचं."

"म्हंजी आमी खेळायचं?" रतनबाई म्हणाल्या.

"तुमीच. मतीन, लाव."

ट्रेलर सुरू झाला. मनोरा, ढग, उडी. मासा वर आला, त्यानं बाईला झेललं, आणि पडदा काळा झाला. त्या काळोखातून नानांचा आवाज आला. बाजारातला नव्हे, जुन्या जीपवरचा.

"मासा निघाला! वारं कानात शिरतंय. डावीकडं विजा नाचतायत, उजवीकडं काळा ढग, त्यात काय हाय दिसत न्हाई. बोल, शिवकन्या. कुठं वळवतीस?"

शिवकन्या उभीच होती. "डावीकडं," ती हळूच म्हणाली.

"अगं भाजशील की!" अभिमन्यू ओरडला.

"दिसती ती इज परवडली. न दिसणाऱ्यात कावून जाऊ?"

"वळला मासा!" नानांनी हात फिरवला आणि पुढची पोरं खरोखर एका बाजूला झुकली. "वीज आली, शेपटीला चाटून गेली. आता पुढं ढगाचा मोठा दरवाजा. दारावर पहारेकरी. म्हणतो, दोन दिस उशीर झालाय, आत सोडणार न्हाई!"

"हा तर आपला मुकादम!" रतनबाई म्हणाल्या, आणि या वेळचं हसणं निराळं होतं. "त्याला म्हणावं, तूबी बस पाठीवर. जागा लई हाय."

"बसतो का रे, पहारेकऱ्या?" नानांनी विचारलं.

ट्रॅक्टरला टेकलेला अंगद घसा खाकरून म्हणाला, "बसतो. पर पुढं बसणार."

मग सगळेच बोलू लागले. कुणी म्हणालं बालाघाटाच्या डोंगरावरून घ्या, कुणी म्हणालं तलावावर उतरवून माशाला पाणी पाजा. रतनबाईंनी त्याला आपल्या माहेरावरून नेलं आणि पत्र्यावर वाळत घातलेल्या शेवया वरून बघितल्या. नाना विचारत होते, माणसं वळवत होती, आणि बंद टीव्हीच्या काळ्या काचेत रस्त्यावरचे दिवे चांदण्यांसारखे हलत होते. रस्त्यानं जाणारी एसटी हळू झाली. चालकानं मान बाहेर काढून बघितलं, त्याला नुसती माणसं दिसली, सगळी वर बघणारी.

"आता मासा थकला," नाना म्हणाले. "खाली जमीन दिसती. कुठं उतरवतीस, शिवकन्या?"

तिनं भोंग्याकडं हात केला. नानांनी तो उचलून तिच्या हातात दिला.

"खाली ऊस हाय," ती म्हणाली. भोंग्यातून आपलाच आवाज ऐकून ती दचकली, मग सावरली. "लांबच लांब ऊस. चांदण्यात पांढरे तुरे, समुद्रच वाटतोय. त्यात एक खोप हाय, खोपीत मी निजलेली. मासा वरून बघतोय. मी उतरत न्हाई. मी खाली बी हाय आन् वर माशावर बी..."

नाना पोत्यावर बसले होते, रतनबाईंच्या शेजारी, पाय पोटाशी घेऊन. आज त्यांना कुठल्याच गावाला पुढं जायचं नव्हतं. शिवकन्या श्वास घ्यायला थांबली तशी नानांनी काही विचारायच्या आधी अंगदच पुढं सरकला.

"मग?" तो म्हणाला. "मग काय झालं, सांग की. आज आपल्याला कुठं जायचंय?"