सुईनं गिळलेला तुकडा

मागच्या उन्हाळ्यात माझे वरचे दोन दात पडले आणि क्लॅरिनेट सुटलं. मी ते सोडलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं म्हणजे त्यानंच मला सोडलं. वरचे दात टेकल्याशिवाय क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पत्ती बोलत नाही, नुसती फुसफुसते. सून म्हणाली, "मामाजी, कवळी बसवून घ्या नं." कवळीनं भाकर खाता येते, वाजवता येत नाही, असं तिला सांगून मी वाद्य पेटीत घातलं आणि पेटी माळ्यावर टाकली. पिंपळगाव राजा आणि आसपासच्या गावांतली पन्नासहून जास्त वर्षांची लग्नं त्या पेटीत गेली. डीजे आल्यापासून तसंही आम्हा बँडवाल्यांना कोणी फारसं विचारत नव्हतं.

मी थकलो आहे, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. नातीला वाटलं, आजोबांचं मन रमत नाही. तिनं मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि माझ्या कानाशी धरलं. "आबा, हे पाहा, तुमची जुनी धून. बिनशब्दांची. ओरिजिनल."

आमच्या तरुणपणी अशा तबकड्या फार निघायच्या. सिनेमातलं गाजलेलं गाणं, पण गाणारं कोणी नाही. नुसतं क्लॅरिनेट, नाहीतर गिटार, नाहीतर अकॉर्डियन. रेडिओवर बातम्यांच्या आधी दोन-चार मिनिटं उरली की हेच लावत. बँडवाल्यांचा जीव त्या तबकड्यांवर होता. आमचे उस्ताद म्हणत, गाणाऱ्याचं ऐकून वाजवलं तर नुसती नकल होते, वाजवणाऱ्याचं ऐकलं तर सबक भेटतो; तो श्वास कुठं घेतो ते कळतं.

नातीच्या फोनमधली धून मी ऐकत होतो आणि मध्येच तिनं कपाळाला आठी घातली. "आबा, इथं चुकलं याचं. यानं उडी नाही मारली." मी तिला फोन बंद करायला सांगितला. जरा चिडूनच सांगितला. पोरगी हिरमुसली, पण तिला काय सांगणार होतो? चुकलं होतं ते फोनमधल्या माणसाचं नाही, माझं.

त्या धुनेची तबकडी उस्तादांनी खामगावच्या बाजारातून आणली तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांचा होतो. उस्तादांकडे चावीचा ग्रामोफोन होता. त्याला हात लावायची परवानगी एकाच माणसाला होती, आमच्या ढोलवाल्याला. तो माझ्याच वयाचा, माझ्याच गल्लीतला, आणि आम्हा सगळ्यांत धीमा माणूस. चावी देणं, सुई बदलणं, तबकडी पुसून कागदात घालणं, हे सगळं तो देवपूजेसारखं करायचा. आम्ही त्याला चिडवायचो की लग्न झाल्यावर बायकोलाही असाच फडक्यानं पुसशील. तो हसायचा आणि पुसत राहायचा.

तबकडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. उस्ताद दुपारच्या नमाजाला गेले होते. तालीम चार वाजता होती. मी लवकर गेलो आणि अंगणात एकटाच बसलो. समोर ग्रामोफोन, शेजारी नवी तबकडी. मला धीर निघाला नाही. मी चावी दिली आणि सुई टेकवली. धून अर्ध्यावर आली आणि क्लॅरिनेटनं एक असं वळण घेतलं की मी बसल्या जागी सरळ झालो. ते पुन्हा ऐकायचं होतं. सुई उचलून मागं ठेवायची एवढं साधं काम, पण घाई होती. मी बोटानंच तिला मागं ढकललं. खर्र असा आवाज झाला आणि तबकडीवर नखाएवढी तिरपी रेघ उठली. सदऱ्याच्या टोकानं मी ती पुसली, जशी काही धूळ होती, आणि तबकडी कागदात घालून घरी जाऊन बसलो. चार वाजता सगळ्यांबरोबर पुन्हा आलो.

तालमीत ढोलवाल्यानं सुई ठेवली. उस्तादांसमोर नवी तबकडी, त्याचा हात थरथरला आणि सुई कडेला घसरून खर्र वाजली. उस्तादांनी नुसतं पाहिलं. त्यानं पुन्हा नीट ठेवली. धून सुरू झाली, अर्ध्यावर आली, त्या वळणाशी पोचली आणि सुईनं टुणकन उडी मारली. सगळं वळण गिळलं आणि ती पुढच्या ओळीवर जाऊन पडली. उस्तादांनी तीनदा लावायला सांगितलं. तिन्ही वेळा त्याच जागी तेच. शेवटी ते खूश होऊन म्हणाले, "करामत आहे. मुंबईवाल्यायनं नवीन काढलं काही." सिनेमा आमच्याकडे अजून आला नव्हता, रेडिओवरही ते गाणं अजून लागलं नव्हतं, गावात कोणी ते ऐकलेलं नव्हतं. ते वळण साऱ्या पंचक्रोशीत मी एकट्यानं ऐकलं होतं. आणि मी मान डोलावली.

आम्ही ती धून उडीसकट शिकलो. पण त्या जागी ताल अर्धी मात्रा कमी पडायचा, पाय अडखळल्यासारखं व्हायचं. ते झाकायला ढोलवाल्यानं आपल्या मनानं एक जोरदार धम् टाकला. त्या धम्नं चमत्कार केला. धाड गावच्या एका लग्नात पहिल्यांदा वाजवली तर नाचणारी पोरं त्या धम्वर एकदम हवेत उडाली. घोडासुद्धा पाय आपटायला लागला. त्या एका हंगामात लोक आम्हाला धुनेचं नाव सांगत नसत, "उडीवाली वाजवा" म्हणत. दुसऱ्या बँडवाल्यांनी आमचं ऐकून उचललं, त्यांचं ऐकून तिसऱ्यांनी. चिखली, मेहकर, लोणार, जिकडे जाल तिकडे उडी.

मग जत्रेत तंबूचा सिनेमा आला. उस्तादांनी आम्हा सगळ्यांना संध्याकाळच्या खेळाला नेलं. गाणं लागलं तसा तंबू टाळ्यांनी भरला. अर्ध्यावर आलं, लोक बसल्या जागी तयार झाले, आणि पडद्यावरच्यानं उडी न मारता आपलं ते वळण सावकाश घेतलं. लोक आधी उडाले, मग खवळले. "ऑपरेटर झोपला काय बे," असं मागून कोणी ओरडलं. एकानं पडद्यावर चप्पल भिरकावली. बिचारा ऑपरेटर हात जोडून सांगत होता की मी काही जोडलं नाही, रीळ असंच आहे. आम्ही पोरं हसून हसून लोळलो. उस्ताद हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला अंगणात उभं केलं आणि तबकडी उन्हात तिरपी धरली. रेघ लख्ख दिसत होती. "कोणं केलं?" त्यांनी विचारलं, आवाज न चढवता. मी ढोलवाल्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "उस्ताद, त्या दिवशी माह्याच हातून सुई घसरली होती." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. सुई कडेला घसरली होती आणि रेघ मध्यावर होती, एवढा विचार करायचं त्याला सुचलं नाही, उस्तादांनाही नाही. मला सुचलं होतं. मी मूग गिळून बसलो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती माझ्या डोळ्यांसमोर दिली गेली, आणि चोर तिथंच उभा होता.

उस्ताद वाईट माणूस नव्हते. शिव्या दिल्या नाहीत, मारलं नाही. त्यांनी फक्त ढोल त्याच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घातला आणि त्याला सांगितलं की यापुढं तू गॅसबत्ती धर. डोक्यावर बत्ती घेऊन तो दोन लग्नं चालला. पुढं दुसराच माणूस त्याचा धम् वाजवत होता. तिसऱ्या लग्नाला तो आला नाही. लोणारला मामाकडे गेला, तिथं हमालीत लागला, तिथंच राहिला. उस्तादांनी एका लग्नात ती धून बरोबर वाजवून पाहिली, तर नवरीकडचे म्हणाले की बँड नवखा दिसतो. मग पुन्हा उडी सुरू झाली. ज्या चुकीसाठी त्याला काढलं, तिच्यावर आम्ही पुढं कित्येक वर्षं जेवलो.

एवढ्या वर्षांत आमची चार-पाचदा गाठ पडली. त्याच्या मुलीच्या लग्नात तर मी स्वतः वाजवलं. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. खरं म्हणजे काहीच यायचं नाही, माझी हिंमत व्हायची नाही. उस्ताद गेले. बँडातले एकेक गेले. आम्ही दोघंच उरलो. नातीनं ती धून ऐकवली त्याच आठवड्यात कळलं की त्यानं होळीपासून खाट धरली आहे. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. हे ओझं वागवून मला कंटाळा आला होता.

खामगावला गाडी बदलली, मेहकरला पुन्हा बदलली. खामगावहून जानेफळपर्यंत बसायला जागा नव्हती. कंडक्टर "बाबा, धरून उभे राहा" म्हणाला. धरूनच उभा होतो, काय करणार. साऱ्या वाटेत मी एकच वाक्य घोळवत होतो: सुई तुह्या हातून नाही, माह्या हातून गेली. पुढचं काही ठरवलं नव्हतं. तो रडेल, शिव्या देईल, तोंड फिरवेल, जे करेल ते मला मान्य होतं. फक्त एकदा ते वाक्य बाहेर पडायला हवं होतं.

तो लोणारला मुलीकडे राहतो. जावयाचं घरासमोरच किराणा दुकान आहे. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी नाव सांगताच जावई हसत आत ओरडला, "मामाजी, पाहा, तुमचा साक्षीदार आला." मला काही उमगलं नाही. आत खाटेवर तो पडला होता. इतका वाळलेला की आधी मला गोधडीच दिसली. मला पाहून त्यानं उठायची धडपड केली. मुलीनं पाठीमागं उशी लावून त्याला बसवलं.

"काऊन आला बे इतक्या लांबून?" तो म्हणाला. डोळे मात्र तेच होते, धीमे.

"तुले पाहाले," मी म्हटलं. "आन् एक सांगाचं होतं. त्या तबकडीचं."

त्याचा चेहरा एकदम उजळला. तो जावयाकडे वळला. "पाह्य. मी काय सांगून राह्यलो होतो? आता इचार याले."

मग मुलीनं मला सगळं सांगितलं. बाबा कित्येक वर्षांपासून एकच गोष्ट सांगतात. रस्त्यानं वरात गेली, बँडनं ती धून घेतली, की हातातलं काम टाकून ओट्यावर येतात आणि त्या धम्ची वाट पाहतात. पोरं उडाली की म्हणतात, ही उडी माझी आहे. साऱ्या जिल्ह्यात माझ्या हातानं लोक नाचतात. माझ्या हातून सुई घसरली नसती तर ही उडी जन्मली नसती. कोणी खरं मानत नाही. गल्लीतले लोक त्यांना फेकू म्हणतात. "हे बी म्हणते," ती नवऱ्याकडे पाहून म्हणाली. जावई लाजला नाही. "आता कसं मानाव भाऊ," तो मला म्हणाला, "हमाली केलेला माणूस, आन् म्हणते साऱ्या जिल्ह्याची धून म्या बदलली."

मी घोळवत आणलेलं वाक्य जिभेवर होतं. तेवढंच बोलायला मी आलो होतो. आणि मला दिसत होतं की ते बोललो तर माझं ओझं उतरेल, पण त्याच्याजवळ नुसता धम् उरेल, उडी उरणार नाही. ढोल मी त्याच्याकडून घेतला होता, गाव घेतलं होतं. त्या बदल्यात त्यानं आयुष्यभर पाठीवर पोती वाहता वाहता ही एक गोष्ट कमावली होती. ती माझ्या नावावर करून घ्यायला मी दोन गाड्या बदलून आलो होतो. मला स्वतःची शरम वाटली. उस्तादांच्या अंगणात वाटायला हवी होती, ती आता वाटली.

"सांग नं बे," तो म्हणाला. "कोणाच्या हातून घसरली सुई?"

त्याची मुलगी माझ्याकडे पाहत होती. जावईही आता हसत नव्हता.

"याच्या हातून," मी म्हणालो. "मी होतो तिथं. म्या डोयानं पाह्यलं."

जावयानं मान खाली घातली आणि "असं हाय काय" एवढंच पुटपुटला. ढोलवाल्यानं उशीवर डोकं टेकलं. फार दिवसांनी झोप लागणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता. उस्तादांच्या अंगणात मी नुसता गप्प राहिलो होतो. आज मला तोंड उघडून तेच खोटं बोलावं लागलं, आणि आता ते कधीच परत घेता येणार नव्हतं.

"पाह्यलं?" डोळे न उघडता तो मुलीला म्हणाला. "आमच्या बँडात एवढा एकच माणूस होता. कधी खोटं बोलला नाही."

मुलीनं चहा आणला. मी तो बशीत ओतून प्यालो.