खारीशी वैर

परसातल्या पेरूवर खार बसली आहे आणि मी पायरीवर, हातात गलोल घेऊन. पिकलेल्या प्रत्येक पेरूचा पहिला घास तिचा, उरलेला उष्टा माझ्या पुढ्यात. तिला सोडणार नाही.

उन्हाळ्यात ती दुपारी पाण्यावर येते, म्हणून हौदाआड दबा धरून बसतो. पावसाळ्यात दाट पानांत दिसत नाही, तेव्हा तिच्या चिरक्या आवाजावर नेम धरतो. थंडीत ती सकाळी कुंपणाच्या दगडी गडग्यावर ऊन खात पसरते, तेव्हा सावली पडू न देता मागून जातो. आवडत्या माणसांकडेही मी कधी इतकं निरखून पाहिलेलं नाही. ते रागानेच शिकवलं. खडा मात्र दरवेळी पानांतच जातो.

शेवटी झाडावर जाळी बांधली. तिने ती कुरतडली. आज वाळकी फांदी तोडायला चढलो, तर बेचक्यात तिचं घरटं. माझ्याच जाळीचे निळे धागे मऊ करून अंथरलेले, वर डोळे न उघडलेली पिल्लं.

खालून बायको म्हणाली, "अहो, आता तरी सोडा तिला!"

"सोडतो कसला! पिल्लं मोठी होऊ देत, एकेकाला बघून घेतो."

फांदी तशीच ठेवून खाली उतरलो आणि आधी आमच्या बोक्याला घरात कोंडलं. वैर माझं आहे, त्याने मधे पडायचं कारण नाही.