नानांनी न चालवलेली सुरी

नाना गेल्याचं मला सुपारी सोलणाऱ्या बायकांकडून कळलं. शेजारच्या वाडीत पाण्याची पाळी विचारायला गेलो होतो, तर म्हसळ्याकडची एक बाई हातातलं काम न थांबवता म्हणाली, "मास्तर, तुमचा नानाडॉक्टर गेला न्हाय का! धा-अकरा दिस झालं असतील. तुमाला सांगावा आला न्हाय?" आला नव्हता. नाना शेवटची दोन वर्षं पुतण्याकडे म्हसळ्याला होते, आणि त्या पुतण्याला माझा पत्ता ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी पाण्याचं विचारायचं विसरून घरी परतलो. "तुमचा" हा शब्द ती बाई सहज बोलून गेली होती. आमच्या दिवेआगरात मात्र सगळे तसंच म्हणत. नाना गावाचे डॉक्टर खरे, पण त्यांच्यावर पहिला हक्क माझा, असा एक समज गेली पंधरा वर्षं चालत आला होता. महिना उलटला, तरी मनातलं जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

सन एकोणीसशे तेवीस-चोवीसच्या सुमारास नाना इथं आले, तेव्हा पन्नाशीला टेकले होते. बाहेर कुठं कुठं नोकऱ्या करून झाल्यावर समुद्राकाठी निवांत राहावं म्हणून आले, आणि आल्या आल्या गावाची झोप उडवली. आपल्याकडे कुणाला साप चावला तर 'पान लागलं' म्हणायचं, आणि मारलेलं जनावर तिथल्या तिथं जाळून टाकायचं, ही रीत. नाना म्हणत, जाळू नका, माझ्याकडे आणा! माणूस आधी आणलात तरी चालेल, पण मागोमाग जनावर आलंच पाहिजे. लोकांना हे अभद्र वाटे. "डाक्टर हाय का गारुडी?" असं बाजारात उघड बोलत. नानांचं म्हणणं साधं होतं. कुठलं जनावर चावलं हे कळल्याशिवाय आपल्या औषधानं माणूस वाचला की आपोआप, हे कसं कळणार? आज हे वाचताना कुणीही मान डोलवील. तेव्हा मात्र डोलवणारा एकच होता, मी, आणि तोही पाहुणचाराच्या चहापुरता.

मग एके सकाळी मलाच पान लागलं. पडवीवरचे गेल्या वर्षीचे नारळाचे झाप उतरवत होतो. त्यातनं पांढऱ्या पट्ट्यांचं काळसर जनावर निघालं आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला डसलं. माझ्या भावानं ते ठेचलं आणि नानांचा हट्ट आठवून काठीवर घालून आणलं. नाना बघताक्षणी म्हणाले, मण्यार. मग दंडाला करकचून दोरी, बोटावर सुरीची फुली, आणि त्या जखमेत जांभळी पूड चोळणं... त्या वेळी सगळीकडे हाच उपाय शिकवत. मी ओरडलो किती, ते विचारू नका. पण वाचलो! बोट पुढं दोन महिने चिघळलं आणि शेवटी काठीसारखं ताठ झालं, ते आजतागायत वाकत नाही. खडू मी मधल्या बोटात धरायला शिकलो. पण मण्यारीच्या दंशातून जगलेला माणूस म्हणून माझा बोलबाला केवढा झाला! पोरं मला 'मण्यारमास्तर' म्हणत, आणि मी वरवर रागावून मनात खूश होई. दर खेपेला हकिकत सांगताना जनावर वीतभर लांबत गेलं, हे कबूल करतो. नानांनी मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकात माझ्यावर टिपण लिहिलं. माझं जनावर स्पिरिटच्या बाटलीत घालून त्यांनी फळीवर पहिल्या जागी ठेवलं.

पुढं दोन वर्षांनी आतल्या गावातला गणू नावाचा एक तरणा शेतकरी त्यांच्याकडे आणला. त्यालाही मण्यार. त्याच्यावरही तीच सुरी आणि तीच पूड चालली. गणू संध्याकाळपर्यंत गेला. सगळे म्हणाले, ज्याची त्याची वेळ. नानांचं त्यावर समाधान होईना. त्यांनी गणूचं जनावर माझ्या जनावराशेजारी ठेवलं आणि भिंगातनं खवलान् खवला ताडून पाहिला. चार दिवस दवाखान्याचं दार निम्मं लोटलेलं होतं. पाचव्या दिवशी ते माझ्या घरी आले, डोक्यावरची टोपी काढून ओटीवर उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हाला मण्यार चावलीच नव्हती. तो कवड्या होता. त्याला विष नसतं. तुमचं बोट सापानं नाही नेलं... मी नेलं."

खरं सांगतो, मला आधी राग आला तो बोटाचा नाही, माझ्या इभ्रतीचा. मण्यारमास्तराचा कवड्यामास्तर व्हायचा होता, आणि तो आठवड्याच्या आत झालाच. बोटाचा राग मागाहून आला आणि चांगला सहा महिने टिकला. ही गोष्ट मला एकट्याला सांगून ते गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण त्यांनी मासिकाला लिहून कळवलं, की आपलं टिपण चुकीचं आहे, मागं घ्यावं. बाजारात उभं राहून सांगितलं, की मण्यारीवर माझ्याकडे औषध नाही, कुणाकडेच नाही. उत्तरेकडून घोड्याच्या रक्तापासून केलेली लस येई, तिच्या दोन कुप्या ते विहिरीत गारव्याला सोडून ठेवत. पण ती नाग आणि घोणस यांच्यापुरती. मण्यारीला नाही आणि आपल्याकडच्या फुरशालाही नाही, हेही ते न विचारता सांगत. साहजिकच निम्मे लोक परत भगताकडे जाऊ लागले. भगताला तर उकळ्या फुटल्या. नाना त्यावर एकदा मला म्हणाले, "त्याला हसू द्या. तो आणि मी, आम्ही दोघंही कवड्याच्या जिवावर मोठे झालो होतो. मी फक्त आधी उतरलो." त्या वाक्याला मी हसलो, आणि आमचा अबोला तिथं सुटला.

आता माझ्या लेकीची, कुसुमची गोष्ट, त्यानंतर काही वर्षांनी घडलेली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. दुपारी सरपणातलं लाकूड ओढताना तिच्या पावलाला जनावर डसलं. माझ्या कुटुंबानं ते फाळक्यानं ठेचून परडीत घातलं, मी पोरीला खांद्यावर घेतलं, आणि आम्ही दवाखान्यात पोचेतो मागं अर्धी आळी जमली. परडीत पाहिलं तर पांढरे पट्टे!

"नाना, कापा," मी ओरडलो. हो, मीच. ज्याचं बोट असं फुकट गेलं होतं, तोच माणूस लेकीचा पाय पुढं करून कापा म्हणत होता. भीती माणसाला काही शिकू देत नाही.

नानांनी आधी आम्ही घरून पायाला बांधून आणलेली दोरी सोडली. लोकांत कुजबुज उठली. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागले होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. "म्हाताऱ्याला दिसत न्हाय, पोर हातची जाईल," कुणीतरी मोठ्यानंच म्हणालं.

"बरोबर आहे त्याचं," नाना म्हणाले आणि भिंग माझ्या हातात दिलं. "मास्तर, तुम्ही बघा. पाठीच्या मधोमध, कण्यावर. तिथं मोठ्या, सहा कोनांच्या खवल्यांची सरळ रांग असली, तर ती मण्यार."

"आणि असली तर कापणार ना?"

"नाही. कापून काही होत नाही, हे गणूनं शिकवलंय. असली तर तिचा श्वास सांभाळायचा. थांबला तर हातांनी चालवायचा, तुम्ही आणि मी, पाळीपाळीनं. आता बघा."

ताठ बोटानं भिंग नीट धरता येईना. डाव्या हातात घेतलं. खवले सगळे सारखे, बारीक. मानेकडचे पट्टे ठळक, शेपटीकडे विरत गेलेले. मी तीनदा पाहिलं. "रांग नाही," मी म्हणालो.

"मग घरी न्या तिला... नको, राहू दे. तुम्हाला धीर निघायचा नाही. बसू इथंच."

मग ते कुसुमसमोर चौरंगावर बसले. तिला आढ्याकडे बघायला लावलं, जीभ काढायला लावली, गाणं म्हणायला लावलं. मण्यारीच्या विषानं आधी पापण्या मिटतात, मग जीभ जड होते. ते त्यावर डोळा ठेवून होते. गाणी संपली तेव्हा पाढे सुरू झाले. सतराच्या पाढ्यात 'सतरा साते'पाशी पोर अडखळली. बायकोनं तिला जवळ ओढलं. नानांनी माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "मास्तर, काल येत होतं का हे तिला?"

"नाही," मी म्हणालो.

"मग ठीक आहे. अठराचा घे गं."

एवढ्या माणसांत तेव्हा हशा पिकला. दिवेलागणीच्या आधी कुसुम "आई, पेज दे" म्हणून भुणभुणू लागली, तेव्हा नाना उठले, कंबर धरून. एवढ्या वेळात त्यांनी सुरीला हात लावला नव्हता. परडीतला साप चुकून मण्यार निघाला असता, तर गावानं त्यांना जगू दिलं नसतं. हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तरी ते आमच्या पोरीसाठी काहीही न करता बसले. त्या दिवशी त्यांचे पाय धरायचे राहून गेले. नंतरही राहिलेच. आपली माणसं समोर असतात तोवर असं राहूनच जातं...

कुसुमचं सासर मांडव्याला. नाना गेल्याचं तिला मी पत्रानं कळवलं होतं, म्हणून परवा दोन दिवसांसाठी आली. ओटीवर पाय पसरून बसली होती. नानांच्या गोष्टी निघाल्या, पाढ्याची निघाली, खूप हसलो. मग आपल्या पावलांकडे बघत ती म्हणाली, "बाबा, कुठल्या पायाला चावला होता हो तो?"

मी चष्मा लावला. दोन्ही पावलं उजेडात धरून, वळवून, आम्ही बराच वेळ शोधलं. तिची आईही आतून येऊन वाकून बघून गेली. डावा की उजवा, तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.