गंजाने धरून ठेवलेलं

पद: चुना-मात्रा कामगार, जलशुद्धीकरण केंद्र. कर्तव्य: नदीच्या पाण्यात चुन्याची निवळी ठरल्या प्रमाणात सोडणे. वर्तणूक: समाधानकारक. शेरा: गढूळ पाणीपुरवठ्यास जाणूनबुजून कारणीभूत झाल्याबद्दल एकदा लेखी ताकीद. कौटुंबिक माहिती: आवश्यक नाही.

त्याला सगळे चुनेवाला म्हणत. अख्ख्या शहराला चुना लावणारा सरकारी माणूस, हा विनोद आपल्यालाच प्रथम सुचला असं प्रत्येक नव्या साहेबाला वाटे, आणि चुनेवाला दर वेळी नव्याने हसे. नोकरीचाच भाग होता तो.

राहायला तो जुन्या वस्तीत. त्याच्या लहानपणी तिथे नदीचं पाणी नव्हतं. टोकाच्या विहिरीचं पाणी लोखंडी पाइपांतून घरोघर येई. त्या पाण्यात सोमल होता, म्हणजे आर्सेनिक. त्याला ना रंग, ना वास. चुनेवाल्याला आठवत ते आईचे तळहात: आधी काळे ठिपके, मग मोहरीएवढे टणक दाणे. ती गालावरून हात फिरवायची तेव्हा खरवडल्यासारखं व्हायचं. ती गेली, मग आणखी काही जण गेले, मग विहीर बुजवली. पाइप तेवढे तसेच ठेवले. पाइपांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?

पुढे त्या पाइपांतून नदीचं पाणी आलं, आणि जसजसे ते म्हातारे झाले तसतसं नळाला लाल पाणी येऊ लागलं. बायको म्हणे, नवरा पाणीखात्यात आणि घरात एक चादर पांढरी राहील तर शपथ. शेवटी साहेबांना विचारून चुनेवाल्याने चुना वाढवला. गंज सुटायचा थांबला, पाणी काचेसारखं झालं. बायको शेजारणींना बोलावून भरलेली बादली दाखवी. सून गरोदर होती; तिला ते पाणी फार गोड लागे.

मग प्रयोगशाळेतल्या बाईंनी वस्तीतल्या नळांचं पाणी तपासलं आणि त्याला बोलावून घेतलं.

"काका, विहीर बुजवली, पण ती पाइपांत शिल्लक आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते असं. पाण्यात गंजाच्या कणांवर विद्युतभार असतो. एरवी तो धन असतो आणि सोमलाचा ऋण, म्हणून विहिरीच्या पाण्यातला सोमल इतकी वर्षं गंजाने अंगाशी धरून ठेवला होता. चुना वाढला की गंजावरचा भारही ऋण होतो. मग दोघे एकमेकांना ढकलतात आणि सोमल पाण्यात उतरतो. लाल पाणी बारीक फिल्टरने गाळलं तर गंज मागे राहतो आणि त्याला चिकटलेला सोमलही. हे स्वच्छ पाणी कितीही गाळा, काही उपयोग नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. नवे पाइप प्रस्तावित आहेत म्हणाले. लाल पाण्याबद्दल अर्ज यायचे, सोमलाबद्दल अजून एकही आलेला नाही, हेही त्यांनी लक्षात आणून दिलं.

घरी त्याने सगळं सांगितलं. बायकोने भरलेली बादली मोरीत उपडी केली.

"सासूबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. "आता नळातून भेटायच्या होत्या का?"

सुनेला तिच्या आईकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी चुनेवाल्याने निवळीची चावी पूर्वीच्या खुणेवर आणली, कुणालाही न विचारता. मग दारोदार जाऊन फिल्टर बसवा म्हणून सांगत फिरला. काहींनी बसवले, बाकीच्यांनी अर्ज केले. ताकीद आली. तोवर बाईंचा अहवाल वरच्या कचेरीत पोचला होता, म्हणून चावीला मात्र कुणी हात लावला नाही. बायकोने पिवळट चादरी निमूटपणे दोरीवर टाकल्या.

रात्री पाइप घुरघुरला की तो अजूनही उठून बसतो.

नात आता चालायला लागली आहे. तो तिचे तळहात रोज उलटून बघतो. स्वच्छ आहेत.