कोरी पहिली ओळ

निर्मलाताई मंगळवारी सकाळी गेल्या. त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात वर्तमानपत्रं टेबलावर मांडत होतो. "सर, आई गेली," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि उरलेली वर्तमानपत्रं मांडली.

पंचवीस वर्षांपूर्वी त्या आमच्या भागाच्या आमदार होत्या. एकदाच निवडून आल्या, पुढच्या वेळी पडल्या. त्यांची सगळी भाषणं मी लिहीत असे. हे तालुक्यात अनेकांना माहीत आहे आणि त्याचं मला कौतुकही पुष्कळ मिळालं आहे. जे माहीत नाही ते सांगायला हा लेख लिहितो आहे, आणि तो लिहायला मला पाच आठवडे लागले.

त्यांना मी प्रथम पाहिलं तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या असतील. मी नुकताच ग्रंथपाल झालो होतो. शेलूबाजारच्या आठवडी बाजाराला त्यांची आई शिंदीचे फडे, म्हणजे झाडू, विकायला येई. फडे विकून झाले की मायलेकी वाचनालयापाशी येत. मुलगी आत येऊन वाचत बसे, आई बाहेर कडुलिंबाखाली. आई पारधी होती, माळावरच्या बेड्यावरची, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरची. वडील गावातले शेतकरी. लग्न केलं म्हणून भावांनी त्यांना घरातून काढलं, तेव्हापासून ती तिघं शेतातच राहत. हे सगळं मला पहिल्या महिन्यातच कुणीतरी सांगितलं होतं, सांगताना आवाज खाली आणून. त्या बाईंशी मी नीट बोलत असे. पाणी मागितलं तर देत असे. पण चार वर्षांत एकदाही त्यांना "आत या, बसा" म्हटलं नाही. त्यांना बाहेर ठेवायला कुणी मला सांगितलं नव्हतं...

ती मुलगी शिकली, शिक्षिका झाली, नोकरी सोडून सरपंच झाली आणि मग आमदार. निवडून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात गाडी वाचनालयासमोर उभी राहिली. "सर, मले बोलता येते, पन सभागृहात बोलाचं तसं लिहिता येत नाही. तुमी लिहून द्या." मी हुरळून गेलो. विधिमंडळाला सदस्याचा परिचय पाठवायचा होता, तोही मीच लिहिला. 'शेतकरी कुटुंबात जन्म. सामाजिक कार्याची आवड.' त्यांनी वाचला, थोडा वेळ हातात धरला आणि खाली सही केली.

पहिलं भाषण नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात होतं. विषय त्यांनीच निवडलेला: बेड्यावरच्या मुलांना जातीचे दाखले मिळत नाहीत, कारण जुना कागद मागतात आणि ज्यांना गावानं कधी टिकू दिलं नाही त्यांच्याकडे जुना कागद कुठून असणार. मुद्दे त्यांनी स्वतः एका फुलस्केप कागदावर लिहून आणले होते. पहिलीच ओळ होती: 'अध्यक्ष महोदय, ज्या बेड्याबद्दल मी बोलणार आहे, तिथं माझी आई जन्मली.'

मी ती ओळ लाल पेन्सिलीनं खोडली.

"काहून खोडली सर?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ताई, भाषण मुद्द्यावर हवं, स्वतःवर नको. ते त्यांना पटलं नाही हे दिसत होतं, म्हणून मी पुढे म्हणालो की पुढच्या निवडणुकीचाही विचार करायला हवा, लोक काय म्हणतील. त्या हसल्या. "लोकाईले सारं ठाऊक हाय. माह्या तोंडून आयकलं नाही, येवढंच." तरी शेवटी म्हणाल्या, "तुमी शिकलेले. तुमी म्हनता तं राहू द्या."

आज मला कळतं की मी मतांचा विचार करतच नव्हतो. सभागृहात माझं भाषण वाचलं जाणार होतं, आणि माझ्या भाषणाच्या पहिल्या ओळीत बेडा नको होता. कडुलिंबाखाली बसवलेल्या बाईला मी पुन्हा एकदा बाहेरच बसवलं.

त्या दिवशी प्रेक्षक गॅलरीत माझ्या शेजारी शंकरमामा बसले होते, ताईंच्या आईचे धाकटे भाऊ. बेड्यावरून नागपूरला आलेले. धुतलेलं धोतर, खिशात पास, आणि तो आहे ना हे ते सारखं चाचपून बघत. ताई उभ्या राहिल्या तसे मामा रेलिंगवर पुढे वाकले. भाषण छान झालं. बाकं वाजली. मी सुखावलो होतो. बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, "कसं झालं, मामा?"

"चांगलं झालं पोरी," मामा म्हणाले. "पन कोनाबद्दल होतं?"

ताई गाडीकडे चालू लागल्या. परतीच्या वाटेवर कारंज्यापाशी गाडी चहाला थांबली, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "सर, यापुढं एक करत जा. पहिली ओळ कोरी सोडत जा." मी विचारलं, का? "सोडा म्हनलं ना," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मी प्रत्येक भाषणाची पहिली ओळ कोरी सोडली. त्या 'अध्यक्ष महोदय' म्हणत, कागदाकडे बघत, थोडं थांबत आणि दुसऱ्या ओळीपासून वाचत. ही त्यांची बोलण्याची ढब आहे असं पत्रकार समजत. त्या ओळीत काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक होतं. का म्हणत नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. 'तुमी म्हनता तं' हे शब्द त्यांनी पाळले असावेत... किंवा 'आता ती ओळ म्हणा' असं मी म्हणावं याची त्या वाट पाहत असाव्यात. दोन्हींत मी सुटत नाही.

त्या गरीब बिचाऱ्या होत्या असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. दाखल्यांचं काम त्यांनी भाषणावर सोडलं नाही. एका साहेबांनी सांगितलं, बेड्यावाल्यांनी कार्यालयात यावं, तिथं टेबल आहे, माणूस आहे. ताई म्हणाल्या, "साहेब, टेबल तुमचं हाय का सरकारचं?" साहेब म्हणाले, सरकारचं. "मंग सरकारले जरा चालू द्या. उचला." टेबल टेम्पोत घालून माळावर नेलं. साहेब मागून जीपमध्ये. बेड्यावरच्या बायांनी टेबलाभोवती शेणाचा सडा घातला, आणि एक म्हातारी साहेबांना म्हणाली, "बसा बाप्पा. आजवर खाकीवालेच आले, तुमी पयलेच बिनलाठीचे." साहेबसुद्धा हसले. त्या दिवशी अर्ज घेण्याचं काम अंधार पडेपर्यंत चाललं. ताई मुलांची नावं स्वतः विचारून लिहून घेत होत्या, आणि बेड्यावरच्या माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलत होत्या. ती बोली त्यांना येते हे मला तोवर माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्यांचे शब्द लिहीत होतो.

त्या गेल्यानंतर नवव्या दिवशी विधान भवनातून फोन आला. दिवंगत माजी सदस्यांसाठी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव मांडतात, त्यासाठी माहिती तपासायची होती. सुजातानं माझा नंबर दिला होता. पलीकडच्या बाईंनी माझाच जुना मजकूर मला वाचून दाखवला. शेतकरी कुटुंबात जन्म, सामाजिक कार्याची आवड. "काही बदल आहे का, सर?"

मी म्हणालो, "कळवतो. लेखी कळवतो."

एक ओळ सांगायची होती. फोनवरच सांगता आली असती. मी घरी येऊन मसुदा करायला बसलो. 'मातुल घराणे पारधी समाजातील' लिहिलं, ते कोरडं वाटलं. दुसरा मसुदा भावुक झाला. तिसरा लांबला. आयुष्यभर मी असाच लिहीत आलो, शब्द पारखत, आणि त्याला मी काटेकोरपणा म्हणत आलो. चौथा मसुदा पाकिटात घातला त्या दिवशी दुपारी सुजाताचा फोन आला, टीव्ही लावा. सभागृह उभं होतं. अध्यक्ष वाचत होते, 'शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या...' वाक्यं माझी होती. दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले. मी बसूनच होतो.

दुसऱ्या दिवशी मी बेड्यावर गेलो. शंकरमामांना आता नीट दिसत नाही. मी नाव सांगितलं, झालेलं सगळं सांगितलं, ओळ खोडली होती तिथपासून. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता तरी लिहसान का?" मी हो म्हणालो. "मंग बसा ना. उभे काहून?" त्यांनी हातानंच चाचपून खाट माझ्याकडे सरकवली. "या, आत या."

निर्मलाताईंची आई त्या बेड्यावर जन्मली. त्यांचं नाव गंगुबाई.

वाचनालयाच्या कपाटात ताईंच्या भाषणांचा गठ्ठा आहे. एकतीस भाषणं आहेत. तिसांची पहिली ओळ कोरी आहे. एकाची, ताईंच्या हातच्या फुलस्केपवरची, खोडलेली आहे, आणि खालची अक्षरं अजून वाचता येतात.