जेथ्रोच्या वळणावरची हाळी

भांडण पेटलं तेव्हा छोटी हेटी क्लटरबक स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसली होती. वर आई ॲपल-पायसाठी सफरचंदं चिरत होती आणि खाली पडणारी प्रत्येक फोड हेटीच्या तोंडात जात होती. तिच्या नाकासमोर बुटांचे दोन जोड होते. एक बाबाचा, एक जेथ्रोकाकाचा. दोन्ही चिखलानं भरलेले, आणि दोन्ही आळीपाळीनं आपटत होते.

“तू ‘स्पर्ट’ म्हणून ओरडलास, जेथ्रो! म्हणून मी नाव बांधलेलीच ठेवली!”

“होतीच स्पर्ट. माझ्या वळणावर घोटासुद्धा भिजला नाही माझा.”

“आणि माझ्या धक्क्यावर नावेच्या फळ्या फळ्या झाल्या! ने थोड्या घरी, चूल पेटवायला होतील.”

“मधल्या मधे पाणी वाढलं असेल तर ते नदीला विचार, अँब्रोज. मला काय विचारतोस?”

“भावाला विचारतोय. डोळे कुठे गहाण टाकलेस म्हणून!”

एक बुटांचा जोड ताडताड दाराबाहेर गेला. आई म्हणाली, “झालं? आता हा ॲपल-पाय खाणार कोण? दोघांच्या हिशेबानं चिरलीयत सफरचंदं मी.” टेबलाखालून उत्तर आलं, “मी.”

सेव्हर्न नदीच्या त्या काठी पाण्याच्या प्रत्येक मुसंडीला वेगळी हाळी होती. अमावास्या-पौर्णिमा झाली की समुद्र नदीत घुसतो आणि नदी चक्क उलटी चालायला लागते, पुढे लाट, मागे सगळा लवाजमा. समुद्राच्या अंगाच्या वळणावर एक माणूस उभा राहायचा. लाट दिसली की वरच्या धक्क्यांना हाळी द्यायचा. ‘स्पर्ट’ म्हणजे नुसती चिळकांडी, चालू दे तुमचा चहा. ‘रश’ म्हणजे लोंढा, जाळी-बादल्या वर घ्या. आणि ‘सर्ज’ म्हणजे अख्खी नदीच छाती काढून निघालीय. मग नाव काठाला ठेवायची नाही. नदीच्या मधोमध न्यायची आणि तिचं नाक लाटेकडे करून सामोरं जायचं. काठावर लाट आपटते, मधे ती नुसती उचलते आणि अलगद खाली ठेवते. बाहेरगावचे लोक हे ऐकून गावाला वेड्यात काढत. गाव त्यांना काढायचं.

हाळी देणाऱ्याचा मान एकच. धक्क्यावरच्या नावाड्यानं सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, भरलेली सुरई पाठवायची. सुरई नाही, तर हाळी नाही.

भांडणानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनात, पण उधाणाला त्याचं काय? जेथ्रोकाका हाळी देतच राहिला. तोंड मात्र धक्क्याकडे न करता समोरच्या गायींकडे करायचा. अँब्रोज ऐकायचा आणि बायकोला म्हणायचा, “कुणीतरी ओरडतंय वाटतं.” उधाणाच्या सकाळी भरलेली सुरई पायरीवर ठेवून भिंतीशी बोलायचा, “ही इथं कशाला? पायात येते माणसाच्या.” मग हेटी ती उचलून वळणावर न्यायची. काका विचारायचा, “कुणी पाठवली?”

“आपली आपण आली.”

“शहाणी आहे सुरई. घरातल्या माणसांपेक्षा.”

इथवर सगळं गमतीचं होतं. पण अँब्रोजनं मनाशी गाठ मारली होती, की जेथ्रोच्या शब्दावर म्हणून भरवसा ठेवायचा नाही. त्यामुळे हाळी कसलीही येवो, तो नाव घेऊन मधोमध जायचाच. वळणावरून ‘स्पर्ट’ यायचं आणि हा आपला वल्ही ताणून, छाती फुगवून बसलेला. बदकांवर स्वारीला निघालेल्या सेनापतीसारखा. काठावरचे लोक टोप्या काढून मुजरे करायचे.

वर्षं गेली. हेटी कामाची, खांद्याबाहूंनी भक्कम बाई झाली, आणि बाबाचे गुडघे गेले. एका उधाणाला तो ओल्या फळीवरून घसरला. शेजारच्या नावेत बापाबरोबर असलेल्या एनिडनं कॉलर धरून ओढला म्हणून वाचला. त्या दिवशीही हाळी होती ‘स्पर्ट’ची, आणि आलीही नुसती चिळकांडी. बाबाला चुलीपाशी वाळत घालताना हेटीला हसू येईना. हा हट्ट एक दिवस म्हाताऱ्याला घेऊन बुडणार, हे तिला लख्ख दिसलं. त्यानं वळणावरच्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवायला हवा होता. नाहीतर मग वल्ही सोडायला.

पुढच्या उधाणाला तिनं सायकल काढली. काकाला सुरई दिली आणि थांबली. लाट आली. खरंच, घोट्याएवढीसुद्धा नाही. काका गायींना ओरडला, “स्पर्ट!” हेटीनं पायडल मारलं आणि बांधावरून लाटेच्या बरोबरीनं निघाली. कोंबड्या उडाल्या, वाळत घातलेला कुणाचा तरी लेंगा हँडलला अडकला, पण तिनं पाण्यावरची नजर काढली नाही. आणि विलोच्या झाडांपाशी, जिथे वाळूचा दांडा पुढे सरकून नदी चिंचोळी झाली होती, तिथे ती एवढीशी चिळकांडी अंग चोरून आत शिरली आणि बाहेर पडली ती पुरुषभर उंच होऊन.

म्हणजे काकानं पाहिलं ते खरं होतं आणि बाबानं भोगलं तेही खरं. वाळू पुढे सरकली की लाट वाढायची, मागे हटली की नाही.

ओला लेंगा खांद्यावर टाकून ती बाबासमोर उभी राहिली. “वाळूनं केलं होतं, बाबा. काकानं नाही.”

“माहीत आहे,” अँब्रोज म्हणाला.

“कधीपासून?”

“भांडण झालं त्याच्या पुढच्याच महिन्यापासून. मी काय नदीवर नवीन आहे?”

“मग बोलत का नाही काकाशी?”

अँब्रोजनं पाइप झटकला. “वाळूशी भांडायला मजा येत नाही, पोरी.”

ती तशीच वळणावर गेली. काकालाही माहीत होतं. “त्यानं एकदा येऊन म्हणावं ना,” काका म्हणाला. “मी काय त्याचं दार अडवलंय?”

“तुम्ही दोघं मेल्यावर म्हणा एकमेकांना,” हेटी म्हणाली. “यापुढे सुरई मी नेणार नाही.”

मोठं उधाण आलं, सप्टेंबरातलं. सुरई पायरीवर ठेवलेली. अँब्रोज भिंतीशी बोलला. हेटीनं सुरई ओलांडली आणि अंड्यांची टोपली घेऊन गेली. तो पुन्हा बोलला, जरा मोठ्यानं. हेटी म्हणाली, “भिंतीला सांगा न्यायला.”

वळणावर सामसूम. नदीवरच्या पाणकोंबड्या गप्प झाल्या म्हणजे वेळ भरत आली. हाळीशिवाय अख्खा काठ आंधळा, हे अँब्रोजला कुणी सांगायला नको होतं. त्यानं सगळ्या नातेवाइकांचा उद्धार करत सुरई उचलली आणि लंगडत बांधानं निघाला. जाताना ओरडला, “आणि माझी नाव?”

“आहे मी!” हेटीनं दोर सोडलासुद्धा होता.

बाईनं उधाणाला एकटीनं नाव बाहेर काढली, असं त्या धक्क्यावर कधी झालं नव्हतं. मधोमध जाऊन तिनं नावेचं नाक फिरवलं आणि कान टवकारले. आणि मग वळणावरून एकदम दोन आवाज आले, एकमेकांवर चढलेले.

“स्पर्ट!”

“सर्ज, हेटी, सर्ज! तिथे पोचेतो सर्ज होईल! गाढवा, पुढचंही सांग ना तिला!”

“सांगतोय ना! तू आधी सुरई सोड!”

हेटी इतकी हसली की लाट आली तेव्हा तिचं तोंड उघडंच होतं. पोटभर सेव्हर्न प्यायली. पण नाव उचलली गेली, आणि अलगद खाली आली.

त्या दिवसापासून म्हातारा वळणावर बसायला लागला, भावाशेजारी, रोज नवं भांडण घेऊन. वल्ही हेटीची झाली. दोघं म्हातारे गेले तसं वळणावर एनिड बसायला लागली, आणि वाळू कुठे आहे ते बघून एकाच दमात दोन हाळ्या द्यायची, इथली आणि तिथली.

हेटीचं शेवटचं उधाण मार्चातलं. खांदे दुखत होते, वल्ही तिनं आदल्या वर्षीच शेजाऱ्यांच्या लेकीला दिली होती. सुरई मात्र कुणाला दिली नव्हती. सकाळी ती भरली, काठी टेकत बांधानं वळणावर गेली.

“कुणी पाठवली?” एनिडनं विचारलं.

“आपली आपण आली.”

दोघींनी एकेक घोट घेतला. लाट आली, एनिड ओरडली, वरून धक्क्यावरून ‘ऐकलं!’ असा आवाज आला. हेटीनं उरलेली सुरई एनिडच्या पेल्यात रिकामी केली, नदीत विसळली आणि घरी येऊन पायरीवर पालथी घातली.